ब्रिनकाका राहतात त्या गल्लीत

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला आले तेव्हा इंग्रजीची भीती नव्हती. वेल्श लोकांच्या इंग्रजीने मात्र पहिल्याच आठवड्यात दांडी उडवली. शेजारच्या आजींनी गाव विचारलं, मी सातारा म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "व्हेअर्स दॅट टू, लव्ह?" मला वाटलं, कुठे निघालीस असं विचारतायत. मी म्हटलं, "टेस्कोला," म्हणजे इथल्या सुपरमार्केटला. त्या खूप हसल्या. इथे त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच असतो, की ते गाव कुठे आलं.

दुसरा धडा 'नाऊ इन अ मिनिट'चा. "आय'ल डू इट नाऊ इन अ मिनिट," असं कुणी म्हटलं की काम लगेच होणार असं समजू नका. आपलं "आत्ता करतो थोड्या वेळात" आहे ना, अगदी तेच. हे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

आजींनीच औषध सुचवलं: 'गॅव्हिन अँड स्टेसी' बघ, कान तयार होतील. २००७ साली सुरू झालेली ही विनोदी मालिका रूथ जोन्स आणि जेम्स कॉर्डन यांनी लिहिली. मुलगा एसेक्समधल्या बिलेरिकीचा, मुलगी इथून अर्ध्या तासावरच्या बॅरीची. बाकी सगळं सासर-माहेर. त्यात 'अंकल ब्रिन' आहेत. इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, मावशीचा नवरा सगळे एकाच पोत्यात, पण हे नक्की काकाच. स्टेसीच्या वारलेल्या वडिलांचे भाऊ. समोरच्याच घरात राहतात आणि वहिनी-पुतणीच्या प्रत्येक कार्यात पहिले हजर. गाडीतल्या नकाशाच्या यंत्राचं कौतुक करताना पूर्ण भाषण देतात. असा एक काका आपल्याही प्रत्येक लग्नात असतोच, पंगतीत आग्रह करणारा आणि कुणी न विचारता एसटीचं वेळापत्रक सांगणारा.

हे काका साकारणारा नट म्हणजे रॉब ब्रायडन. मूळ नाव रॉबर्ट ब्रायडन जोन्स, जन्म १९६५, पोर्ट टॅलबॉटजवळच्या बॅग्लनचा. पोर्ट टॅलबॉट म्हणजे पोलादाचं गाव, आणि २००७ पासून तो कारखाना टाटांकडे आहे. तिथली शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मी भारतातली म्हटल्यावर इथे बोलणं पटकन टाटांवर येतं, आणि मी पटकन हवामानावर आणते. गंमत म्हणजे याच धुराच्या गावाने आणि आसपासच्या वस्त्यांनी रिचर्ड बर्टन आणि अँथनी हॉपकिन्स हे नटही दिले. सगळे आवाजाचे धनी.

ब्रायडनचंही सगळं आवाजावरच उभं आहे. कार्डिफच्या नाट्य-संगीत महाविद्यालयातलं शिक्षण अर्धवट सोडून तो बीबीसी रेडिओ वेल्सवर गेला. मग घरबसल्या खरेदीच्या वाहिनीवर वस्तू विकल्या, ढिगाने जाहिरातींना आवाज दिला. १९९८ च्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' या सिनेमात तो आहे, पार्किंगच्या पावत्या फाडणारा वॉर्डन म्हणून. चुकवू नका असं सांगण्याइतकाही वेळ तो पडद्यावर नसतो. पस्तिशीपर्यंत लोक त्याला ऐकत होते, ओळखत नव्हते.

२००० साली 'मॅरियन अँड जेफ' ही त्याची टीव्ही मालिका आली. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम हेच. दहा-दहा मिनिटांचे भाग, गाडीत बसवलेला एकच कॅमेरा, समोर टॅक्सीवाला कीथ बॅरेट. बायको मॅरियन जेफबरोबर निघून गेली आहे, मुलंही तिकडेच. हा मात्र म्हणतो, बायको गमावली असं वाटतच नाही, उलट एक मित्र मिळाला. जेफशी ओळख एरवी कशी झाली असती? चक्क एकपात्री आहे हे, फक्त रंगमंचाच्या जागी ड्रायव्हरची सीट. मॅरियन आणि जेफ त्या मालिकेत दिसतच नाहीत. त्याच्या बोलण्यातून आपल्याला सगळं कळतं आणि त्याला काहीच कळत नाही. मी पहिल्या भागाला हसले, तिसऱ्याला बंद केलं, रात्री उठून पुन्हा लावलं. परक्या देशात एकटं राहणाऱ्याने हे जपून बघावं.

ही मालिका विनोदी नट स्टीव्ह कूगनच्या निर्मिती संस्थेची. पुढे २०१० मध्ये कूगन आणि ब्रायडन 'द ट्रिप' या मालिकेत स्वतःच्याच नावाने उत्तर इंग्लंडात जेवत फिरले. पानात काय वाढलंय याकडे दोघांचं लक्ष नाही, नट मायकेल केनची नक्कल कुणाची अस्सल यावर भांडण. वयाबरोबर केनचा आवाज कसा घोगरा होत गेला, हे ब्रायडन गाण्याच्या मास्तरासारखा समजावून सांगतो. ते बघून नक्कल ही केवढी बारकाईची कला आहे ते कळलं.

सूत्रसंचालक म्हणून तो २००९ पासून 'वुड आय लाय टू यू?' हा टीव्हीवरचा खेळ करतो. पाहुणा आपल्या आयुष्यातला एखादा अचाट किस्सा सांगतो, समोरच्या संघाने खरं की थाप ते ओळखायचं. डेव्हिड मिचेल आणि ली मॅक हे दोन कर्णधार याला मधोमध बसवून यथेच्छ टोमणे मारतात, आणि हा दुखावल्याचं सोंग इतकं सुरेख करतो, की खरंच लागलं की काय अशी शंका येते.

गेल्या उन्हाळ्यात शेवटी आजींबरोबर बॅरीला गेले. एकेकाळी इथल्या धक्क्यावरून जगभर कोळसा जायचा, आता चिप्स आणि पाळणे. ट्रिनिटी स्ट्रीटचा चढ चढताना धाप लागली. स्टेसीचं घर आणि समोर ब्रिनकाकांचं, दोन्ही साधी रांगेतली घरं. लोक फोटो काढत होते. मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण दारामागे खरी माणसं राहतात, त्यांनाही दुपारची झोप असेलच. आजींनी मात्र मला दारासमोर उभं करून चार फोटो काढले, त्यातल्या दोनांत माझं डोकं नाही.

'गॅव्हिन अँड स्टेसी' २०२४ च्या नाताळात संपली. त्या रात्रीच सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी ती पाहिली. पण ब्रिनकाका आणि त्यांचा पुतण्या, म्हणजे स्टेसीचा भाऊ जेसन, मासेमारीला गेले तेव्हा नेमकं काय घडलं, हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजींचा म्हणे यावर स्वतःचा एक पक्का तर्क आहे. परतीच्या गाडीत मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगते, नाऊ इन अ मिनिट."

ती गोष्ट ऑगस्टमधली. अजून वाट बघतेय.