तळ उसवून पुन्हा शिवता येईल असा बूट : आमची वाटचाल

भुसावळच्या लोकोशेडबाहेर रापी, आरी आणि ऐरण घेऊन बसण्याची माझ्या आजोबांची जागा ठरलेली होती. वाफेच्या इंजिनांवरील फायरमन, फिटर आणि गार्ड यांच्या बुटांना नवे तळ लावणे हा त्यांचा आणि पुढे माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, व्यवसाय होता. नवीन बूट आमच्या घरात पुष्कळ उशिरा तयार होऊ लागले. त्याआधीची चाळीसएक वर्षे आम्ही इतरांनी केलेले बूट उघडून पाहत होतो, आणि बूट कसा आहे हे त्याच्या चकाकीवरून नव्हे, तर तळ उसवल्यावर आत काय निघते यावरून कळते, हे आम्ही त्या कामातच शिकलो.

बारावीनंतर अण्णांनी मला आग्र्याला पाठवले. पंजाब मेल भुसावळहून थेट आग्रा कँटोन्मेंटला जाते, एवढी एकच सोय त्या निर्णयामागे होती. तिथल्या एका कारखान्यात दोन वर्षे राहून मी पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चामडे ताणून बसवणे आणि हाताने वेल्ट, म्हणजे वरचे चामडे व तळ यांना जोडणारी पट्टी, शिवणे शिकलो व 2006 साली परत आलो. तरीही पहिली दोन वर्षे दुरुस्तीवरच गेली. 2008च्या हिवाळ्यात जळगावचे एक प्राध्यापक आपल्या वडिलांचे बकरीच्या चामड्याचे जाकीट अंगात घालून आले, आणि तीन वर्षांत दोनदा तळ सुटलेला बुटांचा जोड त्यांनी अण्णांपुढे ठेवला. जाकीट वीस वर्षे झाली तरी उत्तम आहे, मग त्याच किमतीचा बूट का टिकत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून आम्ही जो जोड केला, तो आमच्या दुकानाचा पहिला नवीन बूट.

उत्तर साधे आहे. जाकीट शिवलेले असते आणि बाजारातील बहुतेक बूट चिकटवलेले असतात. शिवाय जाकिटाला फक्त थंडी अडवायची असते, तर बुटाला माणसाचे सगळे वजन दर पावलाला सोसायचे असते. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो तेव्हा डांबरावर उभ्या राहिलेल्या बुटाचे सोल्युशन, म्हणजे तळ चिकटवणारा गोंद, मऊ पडते आणि तळ पुढून तोंड उघडतो. पॉलियुरेथेनच्या तळांचा त्रास आणखी वेगळा असतो, कारण हवेतील ओलाव्याने ते आतून कुजत जातात आणि चार-पाच वर्षे खोक्यात जपून ठेवलेला न वापरलेला बूटही पहिल्याच दिवशी पायाखाली भुगा होतो. असे जोड घेऊन येणाऱ्या ग्राहकाला आपली फसवणूक झाली असे वाटते, आणि त्याची समजूत घालणे अवघड जाते.

वेल्टच्या बुटात अप्पर (पाय झाकणारे वरचे चामडे), अस्तर आणि आतला तळवा यांना चामड्याची एक अरुंद पट्टी चहूबाजूंनी शिवली जाते व बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या शिलाईने जोडला जातो. त्यामुळे तळ झिजला तर फक्त बाहेरची शिलाई उसवायची असते. अप्परला हात लागत नाही. हे काम यंत्रावर करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर धाकटे यांच्या नावाने रूढ झाली. (रबर टिकाऊ करणारे गुडइयर ते यांचे वडील.) ते यंत्र आमच्याकडे नाही आणि आमच्या आवाक्यातही नाही. आम्ही जाड तळव्यात रापीने खाच पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने, आरीने एकेक टाका घालतो. दोघांनी मिळून आठवड्याला चार जोड होतात.

ग्राहकाने हे ओळखायचे कसे? कडेला शिलाई दिसली म्हणून वेल्ट आहे असे मानू नये, कारण चिकटवलेल्या तळाच्या रबरावरही शोभेचे टाके उमटवलेले असतात. बुटात हात घालून पाहावे. तळव्यावर आतून टाक्यांची रांग लागली, तर ती ब्लेक पद्धतीची शिलाई असते. तिने बूट हलका व लवचिक होतो, मात्र टाक्यांच्या छिद्रांतून पाणी आत येऊ शकते आणि तिची फेरशिलाई यंत्राशिवाय होणे कठीण असते. त्याहून सोपा उपाय म्हणजे विकणाऱ्याला विचारावे की, तळ बदलून मिळेल का. तो घुटमळला तर पुढचे विचारण्याची गरज नाही.

चामड्याच्या बाबतीत आम्ही स्वतःच एकदा फसलो. 2011 साली एका पुरवठादाराकडून घेतलेले चामडे आरशासारखे गुळगुळीत होते, म्हणून आम्ही खूश होतो. प्रत्यक्षात त्याचा वरचा पोत घासून त्यावर रंगाचा थर चढवलेला होता आणि बोटांजवळ वाकणाऱ्या भागावर तो थर सहा महिन्यांत तडकला. नऊ जोड आम्ही परत घेतले. तेव्हापासून अंगठ्याने दाबल्यावर बारीक नैसर्गिक सुरकुत्या पडणारे, रंध्रे दिसणारे चामडेच आम्ही घेतो. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून आमचा भर म्हशीच्या चामड्यावर आहे. ते जाडेभरडे असते आणि सुरुवातीला पायाला कडक वाटते, पण आतला तळवा बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांत कमावलेल्या चामड्याचा असेल, तर पंधरा-वीस दिवसांत तो पायाचा ठसा घेतो. दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत एका घोडेवाल्याने आमचा बूट वाकवून पाहिला आणि विचारले, “भाऊ, हाऊ बूट शे का लोखंड?” पुढच्या वर्षी दत्तजयंतीला तोच बूट घालून तो आपल्या भावाला घेऊन आला.

जाकिटाशी बूट जुळवताना लोक आधी रंग पाहतात. आम्ही जाडी पाहायला सांगतो. जाकिटाचे चामडे साधारण एक मिलिमीटरचे असते, तर चांगल्या बुटाचे दोन किंवा थोडे अधिक. मेंढीच्या मऊ, पातळ जाकिटाखाली रुंद टोकाचे अवजड बूट विजोड दिसतात. तिथे बाजूला इलॅस्टिक असलेला चेल्सी किंवा घोट्याला पट्टा असलेला जोधपुरी बूट शोभतो. बुलेटवर तोरणमाळचा घाट चढणाऱ्याच्या जाड, चेनच्या जाकिटाला मात्र इंजिनिअर बूटच हवा. हा बूट 1930च्या दशकात अमेरिकेत प्रचलित झाला, आणि तिथल्या वाफेच्या इंजिनांवरील फायरमनांशी त्याचे नाव जोडले जाते. निखारा अडकायला नाडी नाही, फक्त दोन बकले आणि उंच नळी. त्याचे चित्र मी पहिल्यांदा दाखवले तेव्हा लोकोशेडबाहेर आयुष्य गेलेल्या अण्णांना त्यात काहीच नवल वाटले नाही.

रंग अगदी एक असू नये, असे माझे मत आहे. तपकिरी जाकिटाखाली बूट एक छटा गडद घ्यावा. काळ्यावर काळे चालते, पण दोन्ही चकचकीत असतील तर माणूस बँडपथकातला वाटतो. शिवाय खान्देशात जाकिटाचे दिवस जेमतेम अडीच महिने असतात आणि बुटाचे बारा, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा बुटावर पडावा. इथल्या काळ्या मातीत चामड्याचा तळ पावसाळाभर टिकणार नाही, म्हणून आम्ही वेल्टखाली रबराचाच तळ शिवतो.

माप आम्ही संध्याकाळी घेतो, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि हिवाळ्यात घालावयाचे मोजे ग्राहकाने सोबत आणावेत अशी विनंती करतो. नव्या बुटाची टाच पहिले काही दिवस किंचित उचलली गेली तरी चालते, परंतु पायाच्या उंचवट्यावर पकड घट्ट असलीच पाहिजे.

प्राध्यापकांच्या त्या जोडाला आतापर्यंत तीन तळ लागले आहेत. तिसरा गेल्या श्रावणात अण्णांनी लावला. त्यांची नजर कमी झाली आहे, तरी जुनी शिलाई उसवण्याचे काम ते माझ्याकडे देत नाहीत. दिवाळीपासून दत्तजयंतीपर्यंत आम्ही नवीन मापे घेत नाही, कारण सारंगखेड्यासाठीचे जोड त्या काळात फर्म्यावर असतात. दुरुस्तीचे बूट मात्र बारा महिने घेतले जातात, ते कुठूनही विकत घेतलेले असोत.