गोधडीचा गोट

गोधडी किती वापरली गेली आहे, हे तिच्या कडेवरून समजते. मधल्या भागात लुगड्यांचे चार-पाच थर धावदोऱ्याने एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे ओढ सगळ्या थरांत वाटली जाते आणि कापड विरळ झाले तरी लगेच फाटत नाही. कडेला ती सोय नसते. पांघरूण अंगावर ओढताना मुठीत कडच येते, पिळताना ताण तिथेच पडतो, आणि थरांची तोंडेही तिथेच उघडी असतात. म्हणून चारही बाजूंनी वेगळ्या कापडाची पट्टी दुमडून गोट लावतात. गोधडीच्या टाक्यांविषयी आणि ठिगळांच्या रंगसंगतीविषयी पुष्कळ बोलले जाते. गोट मात्र शेवटी उरलेले काम समजून हाताला लागेल ती चिंधी लावून उरकला जातो. मला हे उलटे वाटते. गोधडी खुशाल जुन्या कापडाची असावी, पण गोट नव्या कापडाचा असावा, आणि त्याचा विचार गोधडीचा पहिला टाका पडण्यापूर्वी झालेला असावा.

सगळ्याच गोधड्यांना गोट असतो असे नाही. वरचे आणि खालचे लुगडे आतल्या बाजूला दुमडून दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि तिला खर्च काही येत नाही. तिचा तोटा पुढे कळतो: दुमडीवर कापड झिजले की फाटते ते गोधडीचे मुख्य कापडच, आणि मग दुरुस्ती आतपर्यंत करावी लागते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिची रीत वेगळीच आहे. त्या कडेपासूनच सुरुवात करतात, ठिगळांच्या कडा दुमडत आणि धावदोरा घालत फेर धरून मध्याकडे सरकतात आणि चार कोपऱ्यांवर घड्या घातलेले कापडी त्रिकोण बसवतात. त्यांना त्या फुले म्हणतात. तिथे कड हे अखेरचे काम नसून आरंभाचे असते. या पद्धतीबद्दल मला आदर आहे, पण कड झिजल्यावर तेवढीच काढून नवी बसवता येणे ही गोटाची सोय मला अधिक मोलाची वाटते.

गोटासाठी सुती पॉपलीन किंवा केंब्रिक उत्तम. विण घट्ट असते, इस्त्रीची घडी धरून राहते आणि हातसुई सहज जाते. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर दिसायला टिकाऊ, पण त्याची घडी बसत नाही. पट्टी शिवताना घसरते आणि मऊ झालेल्या सुती लुगड्याशेजारी ती कायम ताठर राहते. कापड कोणतेही घ्या, ते कापण्याआधी पाण्यातून काढलेच पाहिजे. गोधडीतली लुगडी शेकडो वेळा धुतलेली असल्यामुळे आणखी आटत नाहीत. नवे सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आटते, आणि शिवल्यावर आटले तर सगळी कड चुण्या पडून आत ओढली जाते. नंतर इस्त्रीने ते सरळ होत नाही. रंगाचेही तसेच. मरून, गडद लाल आणि निळ्या कापडाचा रंग जातो, म्हणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते धुवावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. मिठाच्या पाण्यात भिजवले की काम झाले, असे आपल्याकडे समजतात; त्यावर मी विसंबत नाही, कारण जास्तीचा सुटा रंग धुऊनच काढावा लागतो.

नव्या कापडाचा आग्रह मी एका गोष्टीपुरता सोडते, ती म्हणजे नऊवारी लुगड्याचा सुती काठ. लुगड्याचे अंग विरळ होऊन त्यातून पलीकडचे दिसू लागते तेव्हाही काठ बहुधा शाबूत असतो, कारण तिथली विण दाट असते. त्यातही दोन काठांपैकी खालचा टाचेला आणि जमिनीला घासून खराब झालेला असतो, वरचा चांगला निघतो. काठ उजेडासमोर धरून पाहावा आणि दोन्ही हातांत आडवा ताणावा. ताणल्यावर धागे बाजूला सरकून फट दिसली तर तो बाद समजावा. हिशेबही मोठा सोयीचा बसतो. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, आणि ६० बाय ९० इंचांच्या गोधडीचा घेर ३०० इंच. म्हणजे एका लुगड्याचा एक काठ, मध्ये एकही जोड न देता, संपूर्ण गोधडीला फिरून पुन्हा वर हातभर उरतो. शिवाय काठाची बाहेरची विणलेली कड सुटत नाही, त्यामुळे मागच्या बाजूला ती न दुमडता तशीच शिवता येते आणि जाडी वाचते. जरीचा काठ मात्र कितीही देखणा असला तरी टाळावा. तो अंगाला टोचतो, धुण्यात त्याचे तार सुटतात, आणि पांघरुणाला ते सहन होत नाही.

पट्टी सरळ कापावी की उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गोल कोपऱ्यांच्या दुपट्याला उरेब पट्टीशिवाय गत्यंतर नाही, कारण वळणावर ताणली जाणारी आणि तरी चुणी न पडणारी पट्टी तीच असते. सरळ कडांच्या गोधडीला सरळ पट्टी चालते, पण एक फरक ध्यानात ठेवावा. सरळ पट्टी कडेवर दुमडली की दुमडीवर तेच तेच मोजके धागे लांबवर येतात, आणि ते झिजले की गोट सुरी फिरवल्यासारखा उभाच्या उभा चिरत जातो. उरेब पट्टीत दुमडीवरून असंख्य धागे तिरके जातात, त्यामुळे झीज विभागली जाते आणि एक धागा तुटला तरी चीर पुढे सरकत नाही. रोज वापरायच्या आणि वारंवार धुवायच्या पांघरुणाला मी म्हणूनच उरेब पट्टी लावते. पाहुण्यांसाठी कपाटात राहणाऱ्या गोधडीला ते कष्ट घेण्याचे कारण नाही.

कापड किती लागेल हे आधी कागदावर मांडावे. घेर ३०० इंच, जोड आणि कोपरे यांसाठी १२ इंच जास्त, म्हणजे ३१२ इंच पट्टी हवी. मी पट्टीची रुंदी ३ इंच घेते आणि ती लांबीत मधोमध दुमडून दुहेरी करते. पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, ४२ इंच कापड हाती लागत असेल तर आडव्या ९ पट्ट्या घ्याव्यात. तिरक्या जोडांत जाणारे वजा करून साडेतीनशे इंचांच्या आसपास पट्टी मिळते आणि त्याला पाऊण मीटर कापड पुरते. उरेब पट्टीचा हिशेब याहून सोपा आहे: चौरसाच्या क्षेत्रफळाला पट्टीच्या रुंदीने भागायचे. ३४ इंचांच्या चौरसाचे ११५६ होतात, त्याला ३ ने भागले की सुमारे ३८५ इंच. शिवणींत थोडे गेले तरी चिंता नाही. हा चौरस कर्णावर कापावा, दोन्ही त्रिकोण जोडून समांतरभुज करावा, त्यावर तीन-तीन इंचांवर रेघा आखाव्यात आणि मग दोन कडा एका रेघेने सरकवून जोडून नळी करावी. रेघेवरून कात्री फिरवत गेले की अखंड पट्टी सुटत जाते. पट्ट्या जोडताना जोड तिरकाच द्यावा, कारण आडव्या जोडाची सगळी जाडी एकाच ठिकाणी येते आणि गोटावर तिथे गाठ असल्यासारखे दिसते.

रुंदी ३ इंच का, हे सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांत, मोजले की लगेच पटते. दुहेरी केल्यावर पट्टी दीड इंचाची, म्हणजे १२ सुतांची होते. कडेपासून ३ सुतांवर टीप मारली की ३ सूत शिवणीत गेले. पट्टी उलटून कडेपर्यंत पुढच्या बाजूला ३ सूत, गोधडीच्या जाडीला २ सूत, आणि मागे उरतात ४ सूत. टिपेची रेघ मागूनही ३ सुतांवरच असते, म्हणून पट्टी तिच्या एक सूत पलीकडे पोहोचते आणि टीप पूर्ण झाकली जाते. गोधडी सहा-सात थरांची असेल तर दाबून धरलेल्या कडेची जाडी मोजावी आणि ती २ सुतांहून जितकी जास्त भरेल त्याच्या दुप्पट पट्टीच्या रुंदीत वाढवावे. अडीच इंची पट्टी पातळ दुपट्याला ठीक आहे. जाड गोधडीवर ती मागे पोहोचतच नाही, आणि मग ती ओढून पोहोचवण्याच्या नादात कड वाकडी होते.

पट्टी लावण्यापूर्वी गोधडी जमिनीवर सपाट अंथरावी. हाताने घातलेल्या धावदोऱ्याची ओढ सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे समोरासमोरच्या बाजू क्वचितच समान भरतात. अशा वेळी कडांचे माप न घेता गोधडीच्या मधोमध आडवे आणि उभे माप घ्यावे, तेच माप पट्टीवर खडूने खुणावावे आणि प्रत्येक बाजू त्या खुणांमध्ये बसवावी. जिथे कड जास्त असेल तिथे ती हलकेच सामावून घ्यावी. कडेपासून दोन सुतांवर चारही बाजूंनी एक कच्चा धावदोरा घालून घेतला की थर सरकत नाहीत. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक जण ते गाळतात. परंतु मशीनचे दाते फक्त खालचे कापड पुढे नेतात, वरचे थर मागे राहतात, आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो पट्टीत लाट तयार झालेली असते. वॉकिंग फूट, म्हणजे वरचे थरही पुढे नेणारा पाय, असलेल्या मशीनवर हा त्रास कमी होतो. साध्या मशीनवर कच्चा दोरा, जवळजवळ लावलेले चिमटे, १६ नंबरची सुई आणि जरा मोठा टाका एवढ्यावर काम निभते. केसांच्या टिकटिक पिना चिमटे म्हणून फार चांगल्या लागतात. टाचण्या जाड कडेत वाकतात आणि बोटाला लागतात ते वेगळेच.

पट्टीची सुरुवात कोपऱ्यापासून कधीच करू नये. बाजूच्या साधारण मध्यावर, पट्टीचे आठेक इंच सुटे ठेवून, तिची उघडी तोंडे गोधडीच्या कडेशी जुळवून टीप सुरू करावी. कोपरा आला की टीप कडेच्या ३ सूत आधी थांबवावी, दोन उलटे टाके घ्यावेत आणि काम मशीनखालून बाहेर काढावे. आता पट्टी सरळ वर, गोधडीपासून दूर दुमडावी. त्या दुमडीची रेघ कोपऱ्यातून बरोबर तिरकी गेली पाहिजे. ती बोटाने दाबून धरून पट्टी पुन्हा खाली, पुढच्या बाजूच्या कडेवर आणावी. वर तयार होणारी आडवी दुमड नुकत्याच शिवलेल्या कडेशी तंतोतंत जुळलेली असावी, एक सूतही बाहेर नाही की आत नाही. तिथून, अगदी कडेपासूनच, पुढची टीप सुरू होते. टीप ३ सुतांऐवजी २ सुतांवर थांबली तर पट्टी उलटताना कोपरा अडकतो. ५ सुतांवर थांबली तर तिथे पोकळी राहते आणि कोपरा बोथट दिसतो. गोधडीची पारख करणाऱ्या बायका आधी कोपरा चिमटीत धरतात, तो रिकामा लागतो की भरीव हे पाहण्यासाठी.

चौथा कोपरा वळून पुन्हा आरंभाजवळ आले की दोन टोकांचा जोड उरतो. दोन्ही टोके कडेवर सपाट ठेवून ती एकमेकांवर पट्टीच्या उलगडलेल्या रुंदीएवढी, म्हणजे ३ इंच, चढतील अशी कापावीत. मग दोन्ही उलगडून, सुलट बाजू समोरासमोर आणि एकमेकींना काटकोनात ठेवून, तिरकी टीप मारावी. जादा कापड कापण्यापूर्वी जोड कडेवर बसतो आहे ना आणि पट्टीला पीळ पडलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. एक टोक दुमडून त्यात दुसरे खुपसण्याची झटपट रीतही आहे. शिंप्याकडून करून घेतलेल्या गोधड्यांवर बहुधा तीच असते, आणि सुटते तेव्हा पहिल्यांदा तिथूनच सुटते.

मागची बाजू मी हातानेच शिवते. दोन्ही बाजू मशीनवर केल्या तर वेळ वाचतो, पण पुढून मारलेली टीप मागे कुठे पडेल याचा भरवसा नसतो. हाताने शिवताना सुई गोधडीच्या फक्त सर्वांत मागच्या थरातून आणि एका मधल्या थरातून काढावी, मग पट्टीच्या दुमडीत सूतभर आतून चालवावी, म्हणजे टाका दिसत नाही आणि पुढच्या अंगाला उमटतही नाही. टाके दोन सुतांहून लांब नसावेत, नाहीतर पायाचे बोट त्यात अडकते. कोपऱ्यावर मागची दुमड पुढच्या दुमडीच्या उलट दिशेला घालावी. जाडी दोन्हीकडे वाटली जाते. कोपऱ्याची तिरकी फटही तीन-चार टाक्यांनी बंद करून टाकावी.

एवढे करूनही काही वर्षांनी गोट झिजणारच. त्या वेळी जुन्या गोटावरच नवा चढवण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि खालच्या थरांची तोंडे पार विसविशीत झाली असतील तर ते योग्यही आहे, कारण जुना गोटच त्यांना धरून असतो. एरवी उसवून नवा लावावा. उसवताना मात्र चारही बाजू एकदम मोकळ्या करू नयेत. एक बाजू उसवावी, तिथे कच्चा धावदोरा घालावा, मगच पुढच्या बाजूला हात लावावा. नवा गोट लावून झाल्यावर पट्टी उरलीच तर ती गोधडीबरोबरच धुण्यात टाकत राहावी. पुढे कुठे वीतभर गोट फाटला तर ठिगळ रंगाने जुळते. कपाटात जपून ठेवलेली पट्टी तोवर वेगळ्याच कापडाची वाटू लागते.