कोपनहेगनचा खड्डा

कोपनहेगनमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ कशापुढे घालवला असेल, तर एका खड्ड्यापुढे. जलपरीच्या पुतळ्यापाशी जेमतेम दहा मिनिटं थांबलो, फोटो काढला, निघालो. वेस्टरब्रो भागातल्या एंगहावे बागेत मात्र दोन तास बसून होतो. समोर होतं काय, तर जमिनीच्या पातळीखाली उतरवलेलं खेळाचं मैदान. चार पोरं बॉल लाथाडत होती आणि कडेच्या पायऱ्यांवर एक जण तोंडावर पुस्तक ठेवून झोपला होता.

हे मैदान म्हणजे हौद आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. बाग जुनी, 1920च्या दशकातली. 2019 मध्ये नगरपालिकेने तिचं रूप पालटलं. जमिनीला हलका उतार आहे आणि सखल बाजूंना बुटकी भिंत घातली आहे. लोक तिच्यावर बसतात, मीही बसलो. मोठा पाऊस झाला की आजूबाजूचं पाणी इकडे वळतं, आधी मैदान भरतं, मग बाग. अशा वेळी इथे सुमारे 22 हजार घनमीटर पाणी मावतं. बसल्या बसल्या हिशेब केला: दोन कोटी लिटरच्या वर! त्या दिवशी तळाशी चिप्सचं एक रिकामं पाकीट होतं, बाकी खडखडीत.

डॅनिश भाषेत या सगळ्याच्या मुळाशी असलेला शब्द आहे ‘स्क्यूब्रुड’. ‘स्क्यू’ म्हणजे ढग, ‘ब्रुड’ म्हणजे फुटणं. म्हणजे आपली ढगफुटीच, अक्षरशः! इतक्या लांब येऊन ओळखीचा शब्द भेटावा आणि तोही नेमका हा, याची मला गंमत वाटली.

ज्या ढगफुटीमुळे हे सगळं उभं राहिलं, ती झाली 2 जुलै 2011 ला, शनिवारी संध्याकाळी. काही भागांत दोन-तीन तासांत 150 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. शहराच्या बऱ्याच भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहतं. नळ तुंबले आणि ते सगळं तळघरांतून उलटं वर आलं. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या आजींचं तळघरही त्यात होतं. “पाणी गेलं, वास राहिला,” त्या म्हणाल्या. नवऱ्याची पुस्तकं खाली होती. त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. नुकसान अब्जावधी क्रोनरचं झालं.

पुढच्याच वर्षी नगरपालिकेचा ढगफुटी आराखडा आला. सगळ्या शहराखाली मोठे नळ टाकत बसण्यापेक्षा पाणी जमिनीवरूनच वळवायचं, थोपवायचं आणि जिथे इलाजच नाही तिथे बोगद्यांतून बंदरात सोडायचं. सुमारे 300 कामं, वीसेक वर्षांची मुदत. खर्चाचा मोठा वाटा पाण्याच्या बिलातून वसूल होतो. हे सांगताना आजींनी खांदे उडवले.

या आराखड्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक आकडा: दहा सेंटीमीटर. शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस आला, तरी रस्त्यावर त्यापेक्षा जास्त पाणी चढू द्यायचं नाही. पाण्यासाठी मुद्दाम राखलेल्या जागा सोडून, अर्थात. थोडक्यात, घोट्याएवढं पाणी येणार, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलंय. ‘शहर कोरडं ठेवू’ असा शब्द कुठेच दिलेला नाही. सरकारी कागदात इतकी कबुली मी तरी आधी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओस्टरब्रोला टोसिंगे चौक पाहायला गेलो. 2014 च्या डिसेंबरात खुला झालेला हा चौक आधी बहुतेक डांबरच होता. आता मधे झुडपांची टेकडी, वळणाच्या पायवाटा आणि उलट्या छत्र्यांसारखी काळी शिल्पं. छत्री पाऊस अडवते, या छत्र्या तो झेलतात! छपरांवरचं पाणी आणि रस्त्यावरचं पाणी इथे एकत्र होऊ देत नाहीत. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते झाडांना आणि भूजलाला बाधतं. एवढ्याशा चौकात मिठाचाही विचार केलेला पाहून मी वाकून नाल्याची फरशी चाचपून पाहिली. शेजारच्या बाकावरच्या बाईंना माझं काहीतरी हरवलंय असं वाटलं. त्याही शोधायला लागल्या.

सगळं इतकं जमलेलं नाही. 2025 पर्यंत कार्बन-तटस्थ, म्हणजे हवेतल्या कार्बनमध्ये एकूण भर न घालणारं, पहिलं राजधानीचं शहर व्हायचं, असा याच नगरपालिकेचा गाजावाजा होता. 2022 मध्ये महापौरांनीच सांगितलं की ते वेळेत होणार नाही. कचरा जाळून वीज आणि उष्णता देणारा आमागर बाक्के प्रकल्प, ज्याच्या उतरत्या छतावर लोक स्कीइंग करतात, तिथल्या धुरातला कार्बन पकडण्याची योजना सरकारी पैशाअभावी अडली. मी त्या छतावर चढलो. 85 मीटर उंचीवरून समुद्रातल्या पवनचक्क्या दिसतात, वारा कानात घुसतो. फोटो झकास येतात. पण तिथे माझं मन रमलं नाही, का कोण जाणे, त्या खड्ड्यातच अडकलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. विमानाला अजून वेळ होता, आजींची छत्री उसनी घेऊन तडक टोसिंगे चौकात गेलो. पन्हळीतून बारीक धार लागली होती. पाणी दगडी नालीतून बोटभर रुंदीने सरकत होतं, एका वाळक्या पानाशी अडलं, त्याला वळसा घालून झुडपांत शिरलं आणि दिसेनासं झालं. आणखी पाच मिनिटं थांबलो. एक कुत्रं येऊन त्या नालीतलं पाणी चाटून गेलं. माझे मोजे ओले झाले होते, ते तसेच विमानात बसेपर्यंत पायात होते.