तांब्याची जाळी अखंड असेल तरच

प्रवासी विमानावर वर्षातून सरासरी एकदा वीज पडते, आणि बहुतेकदा आत बसलेल्यांना एका मोठ्या आवाजापलीकडे काही जाणवत नाही. ॲल्युमिनियमच्या विमानात पत्राच वीज वाहून नेतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० मध्ये मात्र सांगाड्याचं निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांचं, असतं. कार्बन फायबर वीज वाहतं, पण ॲल्युमिनियमच्या मानाने हजारपटीहून अधिक अडखळत, आणि एका थरातून दुसऱ्या थरात जाताना तर त्याहूनही वाईट. प्रमाणित चाचणीत पहिल्या तडाख्याचा प्रवाह २,००,००० अँपिअर धरतात. तेवढा प्रवाह अशा पदार्थात शिरला की राळ जळून तिचा वायू होतो, तो थरांमध्ये कोंडतो आणि थर आतून फाटतात.

म्हणून सर्वात वरच्या थरावर, रंगाच्या खाली, ताणून जाळी केलेला तांब्याचा पातळ पत्रा बसवतात. वजन जागेनुसार ठरतं. चौरस मीटरला ७३ ग्रॅम आणि १९५ ग्रॅम ही दोन्ही वजनं वापरात आहेत. नाक, पंखांची टोकं, शेपटीची टोकं इथे वीज आधी चिकटते, तिथे जाळी जड हवी. वीज पडली की जाळीचा तेवढा तुकडा वितळून उडून जातो. तो तसाच जायला हवा, खालचं कार्बन वाचवायलाच तो आहे. ॲल्युमिनियमची जाळी हलकी पडते, पण कार्बनला चिकटून ओलावा मिळाला की गंजते. तिच्याखाली काचतंतूंचा थर घालावाच लागतो.

आता रंगाबद्दल, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. विमान पुढे सरकतं तशी वीज पृष्ठभागावर मागे मागे उड्या मारत जाते, म्हणून धडावर डागांची रांग दिसते. रंगाचा थर जाड असला की ती एका जागी जास्त वेळ खिळून राहते, शिवाय उडालेल्या तांब्याची वाफ रंगाखाली दाबली जाते आणि तो दाब कार्बनवर येतो. जुना रंग न काढता त्यावर नवा मारणं किंवा मोठं बोधचिन्ह थरावर थर देऊन रंगवणं म्हणजे संरक्षण कमी करणंच आहे. जाडी मापकाने मोजा, डोळ्याने नाही.

तपासणीत एक डाग सापडला की थांबू नका. वीज शिरते तशी बाहेरही पडते, तेव्हा दुसरं टोक शोधायचंच. बाहेर नाण्याएवढा काळा डाग असला तरी आत थर हातभर सुटलेले असू शकतात. आधी ठोकून ऐका: घट्ट जागेचा आवाज खणखणीत, सुटलेल्या जागेचा बसका. मग अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींच्या, तपासणीने सुटलेल्या भागाची हद्द आखा.

दुरुस्तीत रंग हाताने, बारीक पॉलिश पेपरने काढा. रासायनिक रिमूव्हर राळ खातो. खराब कार्बन कडेला उतार ठेवत घासून काढायचं, मग नवे थर बसवायचे, त्यावर जाळीचं ठिगळ. खरी चूक होते ती इथे. ठिगळ जुन्या जाळीवर साधारण २५ मिलिमीटर चढायला हवं, आणि त्या पट्ट्यात जुन्या जाळीवरची राळ घासून तांबं उघडं चमकलं पाहिजे. तांब्याला तांबं भिडलं नाही तर दिसायला काम सुबक, पण पुढची वीज त्याच कडेवर ठिणगी टाकणार. घासताना जोर जास्त झाला तर जाळीच निघून जाते, मग कडा आणखी मागे न्यावी लागते. जाळीतल्या शंकरपाळ्यांचा लांब कर्ण मूळ जाळीच्याच दिशेला ठेवा. त्या दिशेने ती चांगली वाहते. सुरकुती पडू देऊ नका. ओव्हरलॅप, तापमान, निर्वात दाब यांचे आकडे त्या विमानाच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यायचे.

राळ पक्की झाल्यावर, रंग देण्याआधी, ठिगळ आणि जुनी जाळी यांच्यातला रोध मिलिओममीटरने, म्हणजे अगदी कमी रोध मोजणाऱ्या मापकाने, मोजा. रंग चढल्यावर ही कड पुन्हा दिसत नाही.

पंखात जिथे इंधनाची टाकी असते तिथे तर सैल बसलेला एक फासनरसुद्धा (भाग जोडणारा बोल्ट किंवा रिव्हेट) ठिणगी टाकू शकतो, म्हणून अशा फासनरांवर आतून सीलंटच्या टोप्या बसवतात. १९६३ च्या डिसेंबरमध्ये मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ पॅन ॲमच्या ७०७ च्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेने विजेमुळे पेट घेतला आणि ८१ माणसं गेली. ते विमान ॲल्युमिनियमचं होतं.