वरच्या मजल्यावरच्या काकू

आज नागपुरातल्या डागा लेआउटला मावशीकडे झाडझूड करायला गेलो होतो. कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर कमरेइतकी मातकट रेघ तशीच! पुरानंतर सगळ्या घराला रंग दिला, पण कपाटामागे कोण देतो?

23 सप्टेंबर 2023. पहाटेच्या काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो आणि नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये. पुढे एनडीआरएफ आली, लष्कर आलं, बोटींतून कित्येकांना काढलं. पण मावशी त्याआधीच वर पोचली होती. ती रात्री कानातलं मशीन काढून झोपते, हे वरच्या काकूंना ठाऊक. म्हणून फोन नाही, बेल नाही. त्यांच्या पोट्ट्याने सरळ खिडकीतून टॉर्च तिच्या तोंडावर मारला. तिला वर नेताना फ्रिजमधलं इन्सुलिनही काकूंनीच आठवणीने उचललं. मावशी बाई देवाची तसबीर शोधत होती!

जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपातही ढिगाऱ्यातून वाचवलेल्या बहुतेकांना घरच्यांनी नि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. कोण कुठल्या खोलीत झोपतं, हे त्यांनाच माहीत. मोबाइलवर अलर्ट यायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण मशीन काढून झोपलेल्या मावशीला तो ऐकू कसा येणार?

बाकी या दोघींचं फार गूळपीठ आहे असं समजू नका बाप्पा. पाण्याच्या मोटारीवरून कायम वाजत असतं. सध्याही बोलणं बंद आहे. इन्सुलिनचा जास्तीचा डबा मात्र काकूंच्याच फ्रिजमध्ये असतो.