तुम्ही विचारलंत म्हणून: हीट मेटल चालतं, फुप्फुसात पाणी चालत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ मी खेळवतो म्हटलं की नव्या डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि खलनायक सांभाळणारा) मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. खेळाडूनं एखादा स्पेल (जादूचा मंत्र) असा काही वापरला की तासभर चालणारी लढाई दोन मिनिटांत आटोपली, तर ती चीटिंग धरायची की हुशारी? विचारणाऱ्याचा आवाज जरा दुखावलेला असतो, कारण त्याचा लाडका खलनायक नुकताच वारलेला असतो.

हुशारी किती, हे मी बघतच नाही. नियमानं सुरुवात केलीस ना, मग शेवटही नियमानंच कर, एवढंच माझं म्हणणं.

क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर घ्या. पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल (लेव्हल एक ते नऊ, नववी सगळ्यात जबर). तीस फुटांच्या आत, उघड्या भांड्यात दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर स्वच्छ पाणी तयार होतं. प्रत्येक नव्या ग्रुपमध्ये कुणाला तरी साक्षात्कार होतो की समोरच्या ऑर्क राक्षसाची फुप्फुसं म्हणजे उघडं भांडंच की! मग 'भांडं' शब्दावरून कोर्टकचेरी सुरू. मी त्या वादात शिरत नाही. ज्या स्पेलनं इजा व्हायची असते, त्यात डॅमेज किती ते लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी समोरच्यानं टाकायचा फासा, थोडक्यात सेव्ह) किंवा अटॅक रोलही (नेम लागला का ते ठरवणारा फासा) असतो. थेट जीव घेणारा पॉवर वर्ड किल नवव्या लेव्हलचा आहे, आणि जीव तोही १०० किंवा कमी हिट पॉइंट्स (अंगात उरलेला दम) असलेल्याचाच घेतो. तेच काम पहिल्या लेव्हलच्या पाण्यानं होत असेल, तर फायरबॉलसाठी तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (हे मोजकेच मिळतात) खर्चून ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, कोण टाकत बसेल?

शेतकऱ्यांची तोफ तर सगळ्यांनाच माहीत असते. दोन हजारांवर शेतकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकानं रेडी ॲक्शन (आधी ठरवून ठेवलेली, वेळ येताच करायची कृती) घेऊन काठी पुढच्याच्या हातात द्यायची. राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा, म्हणून काठी सहा सेकंदांत दोन मैल जाते. इथवर नियमांचं पुस्तक. इथून पुढे न्यूटन: एवढ्या वेगाची काठी लागल्यावर ड्रॅगनचा चेंदामेंदा व्हायलाच हवा! अहो, न्यूटनच हवा असेल तर पहिल्या दहा शेतकऱ्यांतच काठी कुणाच्या तरी पायावर पडेल. आणि नियमच हवे असतील, तर शेवटच्या शेतकऱ्यानं फेकलेली काठी १डी४ डॅमेज करते. सोयीनं दोन्ही नाही मिळणार. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, हे २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडनं आता लिहूनच टाकलं आहे, बरं झालं.

आता हीट मेटल, धातूची वस्तू तापवून लाल करणारा स्पेल. आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये माझा एक सरदार होता, प्लेट आर्मर म्हणजे अंगभर धातूचं चिलखत घातलेला, तीन सेशन ज्याची हवा केली होती असा. तो दरवाजातून आत आला. ड्रुइड (निसर्गातून जादू करणारं पात्र) खेळणारी मुलगी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "दादा, प्लेट उतरवायला किती वेळ लागतो?" पाच मिनिटं. "आणि माझा स्पेल एक मिनिट टिकतो. म्हणजे दहा राउंड." दर राउंडला २डी८, सरासरी नऊ. डॅमेजला सेव्ह नाही. चिलखत टाकून देता येत नाही, म्हणून वर अटॅकला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). टेबलावर एकच आरडाओरडा.

हे शंभर टक्के न्याय्य. तिनं दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट दिला, दर टर्नला बोनस ॲक्शन (पाळीतली जास्तीची छोटी कृती) दिली, कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरता येणारं लक्ष) अडकवून ठेवलं. उपायही पुस्तकात होता: तिला मार बसला की स्पेल टिकवायला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह, डीसी म्हणजे गाठायचा आकडा १० किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते. सरदाराचे दोन तिरंदाज होते, मी त्यांना तिच्यावरच सोडलं. तिनं दोन्ही सेव्ह मारले, सरदार गेला. १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकडनं क्रीज सोडलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं, त्यावर लोक अजून भांडतात. माझ्या मते क्रीज ब्राउननं सोडली होती, आणि ड्रुइडसमोर प्लेट घालून माझा सरदार आला होता.

सजेशन, म्हणजे सुचवलेली गोष्ट समोरच्याला करायला लावणारा स्पेल, त्याचं मात्र इतकं सरळ नाही. सांगितलेली गोष्ट वाजवी वाटायला हवी, असं २०१४ चं नियमांचं पुस्तक म्हणतं. वाजवी म्हणजे काय, ते टेबलानं ठरवायचं. "दरीत उडी मार" साफ नामंजूर. पण आमच्या बार्डनं (गाण्या-बोलण्यातून जादू करणारं पात्र) पहारेकऱ्याला सांगितलं, "केवढा घामेजलायस रे, चिलखत काढून नदीत एक डुबकी मारून ये," ते मी मानलं. वाद झाला तर मी दोन मिनिटांत निर्णय देतो, तो त्या सेशनपुरता पाळायचा, उरलेलं भांडण नंतर चहावर.

आणि डीएमची चीटिंग? ती कुणी विचारत नाही. खेळाडूनं "फायरबॉल" म्हटल्याबरोबर शत्रूचा काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल अडवणारा स्पेल) तयार, आणि साधा कँट्रिप (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल) असला की तोच शत्रू गप्प, हे मी मोठ्या अनुभवी लोकांना करताना पाहिलंय. आमच्याकडे आधी फक्त "स्पेल टाकतोय" म्हणायचं. अडवायचं की नाही ते समोरच्यानं ठरवलं, की मगच नाव सांगायचं. माझ्या राक्षसांनाही तेच लागू.

खेळाडूंची जी युक्ती मंजूर होते, ती राक्षसांनाही मंजूर, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकतो. सरदार गेल्यावर दोन सेशननंतर एका गॉब्लिन ड्रुइडनं आमच्या पॅलाडिनवर (देवाधर्माची शपथ घेतलेला योद्धा) हीट मेटल टाकलं. त्यानं प्लेट घालणं काही सोडलेलं नाही. पण हल्ली झाडपाला अंगावर घातलेला कुणीही दिसला, की तो बोलणी न करता आधी त्याच्यावर धावून जातो. परवा तो एक निरुपद्रवी वैदू होता.