सापाचे पाय कुठे गेले?

तुम्ही विचारलंत म्हणून. नागपंचमी आली, किंवा पावसात कुळागराकडच्या खुराड्यात अजगर सापडला, की हा प्रश्न येतोच. विचारणारा उत्तरही सोबत आणतो: "सापात पायाचा जीनच नसणार."

नाही हो! पाय घडायला लागणारा सॉनिक हेजहॉग हा जीन नागात आहे, अजगरात आहे, तुमच्या-माझ्यातही आहे. उंदरातून तो पूर्ण काढला तर पायांचंच नव्हे, मेंदूचंही बिनसतं; पिल्लू जगत नाही. असा जीन टाकणं सापाला परवडलंच नसतं.

बिघडली ती त्याला पायापुरतं चालू करणारी जागा. उंदरात जीनपासून डीएनएची आठ लाखांहून जास्त अक्षरं दूर, भलत्याच एका जीनच्या पोटात, झेडआरएस नावाचा सुमारे 800 अक्षरांचा तुकडा आहे. त्यावर ठरावीक प्रथिनं बसली, की पायाच्या अंकुराच्या मागच्या कडेला हेजहॉग चालू होतो. मेंदूसाठीचे तुकडे वेगळे, म्हणून हा बिघडला तरी मेंदू शाबूत राहतो. माणसात यातलं एखादं अक्षर बदललं तरी अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकतं.

2016 साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत एवगेनी क्वॉन आणि सहकाऱ्यांनी उंदराचा हा तुकडा क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या तंत्राने, काढून दुसऱ्या प्राण्यांचा बसवला. माणसाचा बसवला: पाय व्यवस्थित. सीलाकँथ माशाचा बसवला, ज्याला पायच नाहीत, पोहायचे पर आहेत: तरीही पाय व्यवस्थित. अजगराचा बसवला, नागाचा बसवला: पायांच्या जागी नुसती खुंटं. बाकी उंदीर ठीकठाक. मग त्यांना सापांच्या तुकड्यात एक खाच दिसली, 17 अक्षरं गळालेली. ईटीएस१ प्रथिन जिथे बसतं ती जागा त्यातच गेली होती. अजगराच्या तुकड्यात इतर सगळे बदल तसेच ठेवून फक्त एवढी अक्षरं परत घातली. उंदराला पाय आले.

हे वाचल्यावर "17 अक्षरांनी पाय नेले" असं मीही ठणकावून सांगत असे. आज तसं सांगवत नाही. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, नखासारखे दोन काटे असतात. आत मांडीच्या हाडाचा अवशेषही असतो. म्हणजे खाच पडूनही अंकुर धरतोच. त्यात हेजहॉग जेमतेम चालू होतो आणि लवकरच विझतो. शिवाय पुढचे पाय आधी गेले. मागचे पाय असलेल्या नजाश सापाचे जीवाश्म अर्जेंटिनात मिळाले आहेत. मग खाचेमुळे पाय आखूड झाले, की बिळात-गवतात पाय निरुपयोगी झाल्यावर खाच पडली तरी काही बिघडलं नाही? प्रयोग एवढंच दाखवतो की अजगराच्या तुकड्यात ही जागा परत घातली, तर उंदराला पाय येतात. आधी काय घडलं, ते त्या उंदराला विचारून कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सर्पमित्राने अजगर धरला, तर ते काटे बघा. नरात ते मोठे असतात आणि मीलनाच्या वेळी मादीला गोंजारायला वापरतात.